मुंबईत नव्याने राहायला येताय? पहिल्या सहा महिन्यांत काय काय करायचं

बार्शीहून मुंबईत आलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग, एक वळकटी आणि कुर्ल्यात राहणाऱ्या लांबच्या मामांचा पत्ता होता. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं मामांनी सांगितलं होतं. मला पाऊण तास लागला, कारण मी स्टेशनच्या भलत्याच बाजूला बाहेर पडलो होतो. कोणालाही विचारलं की तो न थांबता हात वर करून 'उधर, ब्रिज के उस पार' म्हणायचा आणि चालू लागायचा. ही माणसं फार तुसडी आहेत असं तेव्हा वाटलं. वर्षभराने मीही चालता चालताच पत्ते सांगू लागलो.

मुंबईत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच सांगतो. इथे कोणाला तुमचा राग आलेला नसतो, त्याची गाडी चुकणार असते. गावाकडे माणुसकी म्हणजे थांबून चौकशी करणं, इथे माणुसकी म्हणजे दुसऱ्याची वाट न अडवणं. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उमगतात.

पायरी पहिली: आधी ऑफिस, मग रेल्वे, मग घर

नवा माणूस आधी भाडं बघतो आणि तिथेच फसतो. आधी कामाचं ठिकाण बघा. ते कोणत्या स्टेशनजवळ आहे आणि पूर्वेला की पश्चिमेला, हे विचारा. ही नकाशातली पूर्व-पश्चिम नव्हे, रुळांच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू. 'घाटकोपरला राहतो' म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, 'ईस्ट की वेस्ट?' उत्तर तोंडपाठ असू द्या.

मग रेल्वेचा मार्ग. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून ठाणे, कल्याण, आणि तिथून एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जत-खोपोलीला. हार्बर सीएसएमटीहून पनवेलला, तिचाच एक फाटा वांद्र्यावरून गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाते ती ट्रान्सहार्बर. मध्य आणि पश्चिम दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. आता मेट्रोही आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 पासून पूर्व-पश्चिम जोडते, आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण धावते आहे.

माझा नियम साधा आहे. एकदा गाडी बदलावी लागत असेल तर चालेल, दोनदा बदलावी लागत असेल तर भाडं कितीही कमी असो, ते घर सोडा. मी डोंबिवलीला राहून अंधेरीला नोकरी केली आहे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, पुढे शेअर रिक्षा. कागदावर दीड तास, आणि घरी आल्यावर जेवायचंही त्राण उरत नसे.

घर पक्कं करण्याआधी एकदा तरी सोमवार-मंगळवारी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवरून ऑफिसपर्यंत जाऊन बघा. रविवारी दुपारी बघितलेली लोकल ही लोकल नव्हेच.

पहिला महिना नातेवाइकांकडे, मित्राच्या खोलीवर नाहीतर पेइंग गेस्ट म्हणून काढा. यात काही कमीपणा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळला एकेका गावाच्या खोल्या असत. पाळीप्रमाणे माणसं झोपत, जेवण खानावळीत. निम्मं गिरणगाव असंच वसलं.

पायरी दुसरी: घर बघताना नळ उघडा

एजंट घर दाखवायला दुपारी बोलावतो, कारण त्या वेळी उजेड छान असतो. तुम्ही सकाळी लवकर जा. मी भांडुपला एक घर दोनदा बघितलं. दुपारी एकदम पसंत पडलं, सकाळी सातला गेलो तर स्वयंपाकघराच्या नळाने नुसतीच फुस्स हवा सोडली. शेजारच्या काकूंनी दार अर्धं उघडून सांगितलं, 'सहा ते पावणेसात येतं. पिंप भरून ठेवावं लागतं.' एजंट इकडेतिकडे बघत राहिला. म्हणून घर बघताना नळ उघडा, फ्लश ओढा, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको. भिंतीला हात लावून बघा. नव्या रंगाखाली ओल असेल तर पोपडे सुटलेले बोटांना कळतात, आणि पावसाळ्यात त्याच भिंतीवर बुरशी चढते.

पैशाचं गणित असं. डिपॉझिट उपनगरात बहुधा दोन-तीन महिन्यांचं भाडं, कुठे त्याहून जास्त. एजंट साधारण एका महिन्याचं भाडं घेतो. मेंटेनन्स कोण भरणार, हे आधीच बोलून घ्या. 'ते बघू नंतर' याचा अर्थ तुम्ही भरणार. टोकन दिलंत तर किमान मोबाइलवर तरी लेखी घ्या की कशाचे पैसे, किती, आणि व्यवहार मोडला तर परत मिळणार का.

करार अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरून चालतात. ते खोडून काढायचं काम मालकाचं. हल्ली हे सगळं ऑनलाइन होतं. माणूस मशीन घेऊन घरी येतो, दोन्हीकडचे अंगठे घेतो, झालं. लॉक-इन (घर सोडता येत नाही तो काळ) किती आणि घर सोडताना नोटीस किती दिवसांची, ही दोन कलमं मात्र स्वतः वाचा. मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांनाही कळवायची असते, तीही ऑनलाइन. त्याची प्रत मागून घ्या.

एक कडू गोष्ट. एकट्या मुलांना, एकट्या मुलींना, मांसाहार करणाऱ्यांना, एखाद्या धर्माच्या वा जातीच्या माणसाला घर नाकारतात. तोंडावर सांगत नाहीत, 'सोसायटीचा नियम आहे' म्हणतात. मलाही एका मालकाने आडनावावरून खोदून खोदून विचारलं होतं. तिथे वाद घालून घर मिळत नाही, आणि मिळालं तरी सुखाने राहता येत नाही. एजंटला पहिल्याच फोनवर सांगायचं, आम्ही चौघे मुलगे, मटण खातो, उशिरा येतो. दहातली सात घरं तिथेच गळतात, पण चपला झिजत नाहीत.

पायरी तिसरी: लोकल

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. तेव्हापासून या शहराचं घड्याळ रेल्वेच्या हातात आहे. इथे कोणी 'सव्वाआठच्या सुमारास निघतो' म्हणत नाही, 'आठ सतराची पकडतो' म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात पास काढा. रोजच्या तिकिटांपेक्षा तो फारच स्वस्त पडतो, आणि रांगेत वेळ जात नाही. फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासचे डबे नव्या माणसाला बाहेरून सारखेच वाटतात. दाराजवळ काय लिहिलंय ते वाचूनच चढा. मी तिसऱ्याच दिवशी गर्दी कमी दिसली म्हणून खुशाल चढलो, आणि टीसीने दंड आणि भाड्यातला फरक वसूल केला. चूक माझीच. डब्यातल्या एकानेही मला आधी सांगितलं नव्हतं, हे मात्र अजून लक्षात आहे. महिलांचे, दिव्यांगांचे डबे आणि सामानाचा डबा वेगळे असतात. दिव्यांगांच्या डब्यात 'दोनच स्टेशनं' म्हणूनसुद्धा चढू नका.

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर गाडी कुठली, फास्ट की स्लो, बारा डबा की पंधरा डबा आणि किती मिनिटांत येतेय, हे सगळं असतं. फास्ट गाडी तुमच्या स्टेशनवर थांबते का, हे चढण्याआधी बघा. आणि जवळ उतरायचं असेल तर लांबच्या गाडीत चढू नका. विरार फास्टमध्ये अंधेरीचा माणूस चढला की काय होतं, हे एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा चढत नाही. वाईटपणा नसतो त्यात, दीड तास उभं राहून जाणाऱ्याची ती गाडी असते.

आता चढण्याची रीत. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, दाराच्या दोन्ही कडांना उभे राहा, मध्ये नको. आत गेलात की दारात घुटमळू नका, सरळ आत शिरा. बॅग वरच्या रॅकवर द्यायची असेल तर पुढच्याच्या हातात द्या, ती हातोहात वर जाते. उतरताना तशीच खाली येते. तुमचं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनपासून दाराकडे सरकायला लागा आणि पुढच्याला विचारत राहा, 'ठाणा उतरणार?' तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा, 'नाही' म्हणाला तर तो स्वतःच बाजूला होईल. हा प्रश्न म्हणजे 'जरा सरका' म्हणण्याची इथली पद्धत. दार कोणत्या बाजूला येतं, तेही विचारून ठेवा.

आणि चौथी सीट. बाक तिघांचा, बसतात चौघे. चौथ्याचा निम्मा देह अधांतरी, एक पाय वाटेत. नवा माणूस तिघे बसलेले बघून उभाच राहतो. उभं राहू नका, नुसतं हाताने 'जरा' अशी खूण करा. तिघेही न बोलता, मोबाइलवरून नजर न काढता, चार-चार बोटं सरकतात. मला पहिल्यांदा तशी जागा मिळाली तेव्हा मी 'थँक्यू' म्हणालो. तिघांनीही चमकून माझ्याकडे पाहिलं.

बायकांच्या डब्यात याहून पक्की व्यवस्था आहे, असं बायको सांगते. चढल्या चढल्या बसलेलीला विचारायचं, 'कुठे?' ती 'घाटकोपर' म्हणाली आणि तुम्ही मान डोलावलीत की ती जागा तुमची. मध्ये कोणी दुसरी बसायला आली तर उठणारीच तिला सांगते, 'यांना दिलीये.' कागद नाही, सही नाही, पण हा करार मोडलेला तिने बघितलेला नाही.

जीवाच्या गोष्टी थोडक्यात. धावत्या गाडीत चढू नका, दाराबाहेर लटकू नका, रूळ ओलांडू नका. गाडी गेली तर पुढची येते. रविवारी घराबाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कोणत्या मार्गावर आहे ते बघा. शनिवारच्या बातम्यांत असतं.

रिक्षा, टॅक्सी, बस

रिक्षा फक्त उपनगरात. शीव (सायन) आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षाच नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. दोन्ही मीटरनेच चालतात, भाव ठरवायचा नसतो. फेब्रुवारी 2025 पासून किमान भाडं रिक्षाचं 26 आणि टॅक्सीचं 31 रुपये आहे. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. बसल्यावर मीटर पाडला का ते बघा, आणि सुट्टे जवळ ठेवा. शेअर रिक्षाला रांग असते. रांग मोडलीत तर मागची आजीसुद्धा तुम्हाला सोडणार नाही.

बेस्टची बस हा या शहरातला सगळ्यात दुर्लक्षित आराम. मे 2025 मध्ये किमान भाडं साध्या बसला 10 आणि एसीला 12 रुपये झालं, तरी परवडतं.

पायरी चौथी: बोलायचं कसं

मराठीतच सुरुवात करा. मुंबईत आलेला आपला माणूस पानवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे आधीच हिंदी सुरू करतो, तीही मोडकी, आणि समोरचाही साताऱ्याचाच निघतो. समोरच्याला मराठी येत नसेल तर तो सांगेल, मग हिंदीत बोला. त्यात लाज नाही की भांडण नाही.

वॉचमनला काका, रिक्षावाल्याला दादा, भाजीवाली आणि कोळीण दोघींनाही मावशी. कोळणीशी घासाघीस करावी, ती तिला आवडतेही. पण सकाळी भवानीच्या वेळी भाव पाडून, मासा उलटापालटा करून, कल्ले बघून तसेच निघालात तर जे ऐकायला मिळेल ते आपल्या जबाबदारीवर. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा 'ताजं पापलेट' म्हणून कोणी गळ्यात मारलं तर ते बर्फातलं समजा.

कटिंग म्हणजे अर्धा चहा. झोल म्हणजे गडबड, कल्टी म्हणजे सटकणं, टपरी, नाका, खाडी ही जागांची नावं. बाकी महिन्याभरात कळतं. आपली बोली मात्र बदलू नका. मी अजून 'लई' म्हणतो, ऑफिसात हसतात, हसू देत.

पायरी पाचवी: सोसायटीत राहताना

दार बंद असतं म्हणजे शेजारी नकोसे आहेत असं नाही. गावाकडे उघड्या दारातून हाक मारत आत जातो, तसं इथे करू नका. बेल वाजवा, दोन पावलं मागे उभे राहा. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या घरांत जाऊन नाव, गाव आणि फोन नंबर सांगून या. आम्ही शेंगाचटणीचा डबा घेऊन गेलो होतो. समोरच्या गुजराती मावशींनी त्याच डब्यात ढोकळा भरून दिला, आणि पुढे चाव्या त्यांच्याकडेच ठेवायला लागलो.

घरकामाच्या बाईंचा भाव इमारतीप्रमाणे ठरलेला असतो: भांडी इतके, झाडू-पोछा इतके, पोळ्या इतके. शेजारी विचारून घ्या आणि तेवढेच द्या, कमी नाही. महिन्याच्या सुट्ट्या आधी बोला. दिवाळीला एक पगार जास्तीचा द्यायची रीत आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवायचा, आणि जिन्यात चपलांचा ढीग नको.

गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतील. पावती फाडा, आणि जमलं तर संध्याकाळच्या आरतीला खाली उतरा. दहा महिने लिफ्टमध्ये मान हलवणारी माणसं तिथे टाळ हातात देतात.

जेवणाचं सांगायचं तर एकट्याने पहिले तीन महिने पोळी-भाजी केंद्र किंवा घरगुती डबा लावा. वडापाव हे जेवण नव्हे. हे मी आठ किलो वजन घालवल्यावर शिकलो.

पायरी सहावी: पावसाळा

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. बार्शीत वर्षभरातही सहसा एवढा पडत नाही. तसा दिवस पुन्हा आलेला नाही, पण दरवर्षी दोन-चार दिवस गाड्या बंद पडतातच. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की पाणी समुद्रात जात नाही, उलट हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे इथे तुंबतं. म्हणून पावसाळ्यात हवामानाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही बघायची सवय लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि रेड अलर्ट एकत्र असले तर दुपारीच घरी निघा, नाहीतर ऑफिसातच थांबा. महापालिकेचा आपत्कालीन नंबर 1916.

बॅगेत कायम ठेवा: मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, पॉवर बँक, बिस्किटपुडा, मोज्यांचा एक जोड. चामडी बूट चार महिने माळ्यावर. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर उघड्या गटाराचा धोका असतो; रस्त्याच्या मधून, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून चाला. पायाला जखम असेल तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. लेप्टो हा अशा पाण्यातून होणारा आजार, त्याची औषधं वेळेत घ्यावी लागतात. पिण्याचं पाणी उकळा.

पायरी सातवी: कागदपत्रं

नोंदलेला भाडेकरार हाती आला की आधारवरचा पत्ता बदलून घ्या. गॅसचं कनेक्शन गावाहून बदलून आणा. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म 8 असतो. गावाकडचं नाव तसंच ठेवून इथे दुसरं काढू नका. गाडी महाराष्ट्राचीच असेल, माझ्यासारखी एमएच 13, तर नंबर बदलावा लागत नाही. पार्किंग आहे का एवढंच बघा. मुलुंड-भांडुपकडे वीज महावितरणची, बाकी उपनगरात अदानी किंवा टाटा, शहरात बेस्ट. घर ताब्यात घेताना जुनं बिल मालकाने भरलंय का ते तपासा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

गावी जायचं तिकीट

पहिल्या तीन-चार महिन्यांत एका रविवारी फार एकटं वाटतं. दादरला उतरा, फुलबाजारातून चालत शिवाजी पार्कला जा, कट्ट्यावर बसा. संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक असलं तर बघा. तरीही गावाची आठवण जात नसेल तर दिवाळीचं तिकीट काढायला बसा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीची गाडी हवी असेल तर कॅलेंडरवर साठ दिवस मागे मोजून त्या तारखेवर खूण करा आणि सकाळी आठला लॉगिन करून तयार राहा. लातूर एक्स्प्रेसच्या स्लीपरच्या जागा आठ वाजून काही मिनिटांतच संपतात. नाही मिळालं तर एसटी आहेच. परतीचं तिकीट मात्र त्याच आठवड्यात काढा. आई 'अजून दोन दिवस राहा' म्हणते तेव्हा ते दाखवायला बरं पडतं.